अर्ध्या अंशाचे नाव

अंबाजोगाईस दासोपंतांनी कापडावर लिहिलेली 'पासोडी' ज्या पंचीकरणाचा उलगडा करते, त्या सिद्धान्तात एक प्रश्न असा आहे की, तो केवळ वेदान्त्यांचा म्हणून बाजूस सारता येत नाही. आपण जिला पृथ्वी म्हणतो, त्या स्थूल भूतात पृथ्वीचा अंश अर्धाच. उरलेल्या अर्ध्यात जल, तेज, वायू आणि आकाश यांचा प्रत्येकी अष्टमांश. मग पृथ्वी हे नाव तिला कोणत्या अधिकाराने द्यावे? आचार्यांचे उत्तर असे की, ज्या अंशाचे आधिक्य, त्याचे नाव.

7 एप्रिल 1964 रोजी आयबीएमने जाहीर केलेल्या 'सिस्टीम/360' या मेनफ्रेमची असेंब्लर भाषा वाचताना या उत्तराची कसोटी लागते. यंत्रास कळतो तो आकडा. आज्ञांची नावे माणसाकरिता योजिलेली. 'एमव्हीसी', म्हणजे 'मूव्ह कॅरेक्टर', अक्षरे हलविते म्हणावे, तर मूळ अक्षरे जागच्या जागी राहतात आणि दुसरीकडे उमटते ती त्यांची नक्कल. त्यातही नकलेची जागा मुळाच्या एकच अक्षर पुढे असेल, तर डावीकडून एकेक अक्षर उचलले जात असल्यामुळे पहिलेच अक्षर शेवटपर्यंत पसरत जाते, आणि जुने प्रोग्रामर सबंध ओळ कोरी करीत ते याच रीतीने. 'एलए' पत्ता भरते खरी, पण त्या पत्त्यावर काय आहे हे पाहत नाही. बेरीज करून मोकळी होते. येथवर आधिक्याचा न्याय पुरतो.

'बीसीटीआर'पाशी मात्र तो थांबतो. रजिस्टरातून एक वजा करावा आणि बाकी शून्य नसल्यास दुसऱ्या रजिस्टरातील ठिकाणी उडी घ्यावी, असे तिचे विधान, आणि नाव त्या उडीचे. परंतु दुसरे रजिस्टर शून्य क्रमांकाचे लिहिले की उडी होतच नाही, केवळ वजाबाकी उरते, आणि निव्वळ तेवढ्यासाठी ती सर्रास योजिली जाते. ज्याचे नाव, त्याचा अंशही तेथे नाही! माझ्या मते येथे नाव संकल्पाचे आहे, घडविणाऱ्याच्या मनातील प्रयोजनाचे, आणि कर्म वापरणाऱ्याचे. या दोहोंत पडणाऱ्या अंतराचा हिशेब वापरणाऱ्यानेच दिला पाहिजे. असेंब्लरच्या प्रत्येक ओळीत आज्ञेपुढे टीप लिहिण्यास मोकळी जागा असते. नावाविरुद्ध काम घेणाऱ्याने, मागून वाचणाऱ्यासाठी, तेथे दोन शब्द अवश्य लिहावेत.