मान वर करणारं मूल

शाळेच्या पटांगणात खेळ रंगात आलेला असतो. तेवढ्यात वरून विमानाचा आवाज येतो आणि पैठण तालुक्यातल्या पाचोडची पोरं आजही खेळ टाकून मान वर करतात. विमान ढगाआड जाईपर्यंत कुणी हलत नाही. संध्याकाळी मोसंबीच्या बागांवरून बगळ्यांची माळ निघाली की हीच मुलं नखं पुढे करून त्यांच्याकडे कवडी मागतात. उडणाऱ्या प्रत्येक गोष्टीशी मुलांचं नातं असं न शिकवता जुळतं. पण बहुतेकांचं ते दहावी-बारावीपर्यंत सुटून जातं आणि थोड्यांचं जन्मभर टिकतं. कुणाचं टिकतं?

रामेश्वरमच्या शाळेत शिवसुब्रमण्य अय्यर नावाचे शिक्षक होते. पक्षी कसा उडतो, हे त्यांनी फळ्यावर चित्र काढून समजावलं. वर्गातल्या एका मुलाला ते कळलं नाही आणि त्याने तसं सांगितलं. सर रागावले नाहीत. त्यांनी सगळ्या वर्गाला समुद्रावर नेलं आणि उडणारे पक्षी दाखवून पंखांची, शेपटीची हालचाल उलगडून सांगितली. तो मुलगा म्हणजे अब्दुल कलाम. वय साधारण दहा. आपल्या आयुष्याची दिशा त्या दिवशी ठरली, असं ते पुढे सांगत राहिले. मद्रासला ते विमानविद्या शिकले. हवाई दलात वैमानिक होण्याची संधी मात्र थोडक्यात हुकली. तरी ती ओढ विझली नाही. ८ जून २००६ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, राष्ट्रपती कलाम पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानात बसून आकाशात गेले.

जे. आर. डी. टाटांचं बालपण वेगळ्या घरातलं, पण गोष्ट तीच. फ्रान्समधल्या हार्डेलो गावी सुट्टीत राहत असताना त्यांना शेजार मिळाला तो लुई ब्लेरियो यांचा. १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारा हा पहिला माणूस. तिथल्या वाळूवर उतरणारी विमानं जेआरडींनी जवळून पाहिली आणि पंधराव्या वर्षी एका विमानातून फेरफटकाही मारला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवलं. पन्नास वर्षांनी, ७८ व्या वर्षी, तोच प्रवास त्यांनी पुन्हा स्वतः विमान चालवत केला.

एक नावाड्याच्या घरचा, दुसरा उद्योगपतीच्या घरचा. दोघांनाही लहानपणी उड्डाण जवळून पाहायला मिळालं. कुतूहल तर प्रत्येक मूल जन्मतःच घेऊन येतं. त्या कुतूहलाला वेळेवर जवळीक मिळाली की त्याचा ध्यास होतो, आणि ही जवळीक बहुधा कुणीतरी मोठं माणूस घडवून आणतं.

पाचोडच्या मुलांसाठी ही जवळीक दूर नाही. पैठणचा नाथसागर जलाशय आपल्याच तालुक्यात आहे आणि १९८६ पासून तो पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे रोहित येतात, हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस उतरतात. काठावर थोडा वेळ उभं राहिलं तर चांदवा पक्षी उडताना दिसतो. तो एकदम वर झेपावत नाही. वाऱ्याला तोंड देऊन पाण्यावर पावलं आपटत धावतो, वेग आला की मगच पाणी सोडतो. चिकलठाण्याच्या धावपट्टीवर विमानही तेच करतं. पंखांवरून पुरेशा वेगाने हवा वाहू लागली की त्याचा भार पेलला जातो. धड्यात वाचून जे डोक्यावरून जातं, ते एका सहलीत डोळ्यांना कळतं.

आणि त्या सहलीत मुली पुढच्या रांगेत असाव्यात. आपल्या भागात मुलीच्या शिक्षणाआधी तिच्या लग्नाचा विचार सुरू होतो, म्हणून हे आवर्जून सांगायचं. १ जानेवारी १९९० रोजी मुंबई-औरंगाबाद-उदयपूर मार्गावरच्या जेट विमानाची कमान २६ वर्षांच्या कॅप्टन निवेदिता भसीन यांच्या हाती होती. इतक्या कमी वयात जेट विमानाची कमान सांभाळणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या स्त्री ठरल्या. आपल्याच जिल्ह्याच्या आकाशात हे घडलं, हे इथल्या प्रत्येक मुलीला ठाऊक असायला हवं.

वर पाहणारी सगळी मुलं वैमानिक होणार नाहीत. कुणी पक्षी अभ्यासेल, कुणी इंजिन दुरुस्त करेल, कुणी मोसंबीची बागच अधिक डोळसपणे राखेल. पण लहानपणी ज्याच्या प्रश्नाला मान मिळाला, तो माणूस प्रश्न विचारणं सोडत नाही. म्हणून आज एखाद्या मुलीने ‘एवढं जड विमान वर राहतं कसं?’ असं विचारलं, तर ‘मोठी झालीस की कळेल’ असं म्हणून तिला वाटेला लावू नये. ठाऊक असेल तेवढं सांगावं, नसेल तर तिच्यासोबत बसून शोधावं. आणि येत्या हिवाळ्यात एक दिवस तिला नाथसागरावर न्यावं.