माग काढण्याची विद्या

खानदेशात हौसेने रानात जाणे म्हणजे शिकारीला जाणे, हे समीकरण दीडशे वर्षे तरी टिकले. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात 28 एप्रिल 1819 ही तारीख आणि आपले नाव कोरणारा ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीला निघाला होता, असेच सांगितले जाते. पुढे 1825 मध्ये जेम्स आउट्रम या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने धरणगावी भिल्ल पलटण उभारायला घेतली. 1825 ते 1834 या काळात त्याने आणि त्याच्या साथीदारांनी मिळून 235 वाघ मारले, असा हिशेब त्याच्या चरित्रात दिला आहे. हा आकडा आज अंगावर येतो. पण लढाया आणि लुटालुटीने त्या वेळी खानदेशातली गावे ओस पडली होती, शिवारांत झाडोरा माजला होता, आणि माणसांना व गुरांना वाघाची धास्ती खरीच होती. शिवाय शिकार हे आउट्रमचे राजकारणही होते. भिल्लांच्या बरोबरीने रान तुडवूनच त्याने त्यांचा विश्वास मिळवला. मात्र वाघ शोधत कोण होते? पाणवठ्यावरचा ठसा रात्रीचा की पहाटेचा, वारा कुठून कुठे, हाका कोणत्या नाळेतून घालायचा, हे ठरवणारी माणसे भिल्ल होती. चाळीसगाव-कन्नड घाटाला आउट्रमचे नाव मिळाले आणि 1986 मध्ये झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातही ते राहिले. माग काढणारे निनावी राहिले.

रानाची ओढ लागलेल्या आजच्या तरुणाने सुरुवात या निनावी माणसांच्या विद्येपासून करावी, असे माझे म्हणणे आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली. तिची व्याप्ती पुष्कळांना ठाऊक नसते. फासा लावणे, जाळे टाकणे, घरट्यातली अंडी काढणे, इतकेच काय, तसा नुसता प्रयत्न करणेही कायद्याने शिकारच ठरते. ससा-तितरासाठी बांधावर लावलेला फासा ही गंमत नसून गुन्हा आहे. बंदी हवीच होती. पण तिच्याबरोबर रानात शिरण्याची जुनी वाट बंद झाली आणि नवी वाट कुणी आखून दिली नाही. पावसाळ्यात मनुदेवीला आणि पाटणादेवीला लोटणारी गर्दी धबधब्यापाशी फोटो काढून परतते. सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगराशी तिची ओळख तेवढ्यावरच थांबते.

काहीजण म्हणतील, परवान्याने शिकार पुन्हा सुरू करा. रोही आणि रानडुक्कर पिके उद्ध्वस्त करतात. अमेरिकेत तर 1937 च्या कायद्यापासून बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी खर्च होतो. हा युक्तिवाद पोकळ नाही. उभे पीक एका रात्रीत आडवे झालेल्या शेतकऱ्याला भूतदया शिकवणे अन्यायाचे आहे. पण पिकाचे रक्षण हे काम आहे, करमणूक नाही, आणि त्यासाठी परवानगीची तरतूद कायद्यात आहे. हौशी शिकारीला लागते ते भरभक्कम रान आणि प्राण्यांची काटेकोर मोजणी. यावल अभयारण्य जेमतेम पावणेदोनशे चौरस किलोमीटरचे, शिरपूर तालुक्यातले अनेर त्याच्या निम्म्याहूनही लहान. एवढ्याशा रानात हौशी बंदुकीला जागा कुठली?

गळाचे तसे नाही. तापी, गिरणा, पांझरा, वाघूर यांच्या काठाने गळ टाकून बसणे ही नवशिक्याला परवडणारी, आणि पकडण्याची ओढ खरोखर भागवणारी गोष्ट आहे. काठी, दोरा, गरी, गांडूळ किंवा कणकेची गोळी, एवढ्यावर भागते. धरणांतली मासेमारी बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते; तिथे आधी विचारावे, कारण त्या पाण्यावर भोई-कोळ्यांची पोटे चालतात. अभयारण्यात गळ टाकायचाच नाही. यातही जीव जातो, हा आक्षेप मी टाळणार नाही. जातो. म्हणून संयम इथे शिष्टाचार म्हणून पुरत नाही, तो ज्ञानातून यावा लागतो. मरळीचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात तिची तांबूस पिल्ले थव्याने पाण्याच्या वरच्या थरात फिरतात आणि आईबाप खालून राखण करतात. त्या वेळी राखणीचा मासा उचलला की अख्खी वीण इतर माशांच्या तोंडी जाते. ज्याला हे ठाऊक आहे तो आपणहून गळ आवरतो. ठाऊक नसलेल्याला कोणता फलक थांबवणार?

गळही न टाकता नुसते पक्षी पाहण्यात शिकारीचा थरार कुठला, असेही विचारले जाते. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींनी पोरवयात छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग काय आहे, या कुतूहलाने ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पोचले, आणि पुढचे आयुष्य त्या प्रश्नाच्या मागे गेले. त्यांना धरून ठेवले ते प्रश्नाने. भुसावळजवळच्या हतनूर धरणावर दिवाळीनंतर उत्तरेकडून बदके उतरू लागतात. थापट्या कोणता, तलवार बदक कोणते, चक्रवाक काठावर का बसतो, हे ओळखायला 8 पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण आणि एक वही लागते. बुजऱ्या बदकांच्या जवळ सरकताना वाऱ्याचा, सावलीचा, पायरवाचा जो हिशेब करावा लागतो, तो हाक्यातल्या भिल्लाच्या हिशेबाहून वेगळा नाही. खानदेशच्या उन्हात हे शिकायचे महिनेही कार्तिक ते माघ एवढेच.

मात्र पुस्तक आणि मोबाइल यांवर ही विद्या पुरी होत नाही. ती पाल, जामन्या, लंगडा आंबा या बाजूच्या पावरा, तडवी, भिल्ल माणसांकडे अजून आहे, आणि त्यांची मुले रोजगारासाठी रान सोडून चालली आहेत. वाट दाखवली म्हणून चहापाणी करून त्यांना परत पाठवण्याची आपली रीत मला लाजिरवाणी वाटते. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांनी हिवाळ्यातले वर्ग यावल-अनेरच्या पायथ्याशी, वनखात्याच्या परवानगीने भरवावेत. तिथे या माणसांना वाटाड्या म्हणून नव्हे तर शिक्षक म्हणून बोलवावे, आणि पाहुण्या प्राध्यापकाला देतात तेवढेच मानधन त्यांना द्यावे.