पाणी कशानं उकळायचं?

इंजिन वाफेवर चालतं. वाफ पाण्याची होते. खाली कोळसा जळतोय की तेल, याची पाण्याला काही पडलेली नसते. तेव्हा वारसा म्हणून राखलेली जुनी इंजिनं खुशाल तेलावर करावीत आणि मोकळं व्हावं, असं मामांचं म्हणणं. मामा फायरमन होते, मी नव्हतो. म्हणजे विषय तिथेच संपायला हवा होता. तो संपत नाही, कारण मी कोळशाच्या बाजूचा आहे.

त्यात हा वाद आम्ही घालतो मेहकरात. या गावाने रेल्वे कधी पाहिलीच नाही. खामगाव-जालना मार्गाचं घोंगडं शंभर वर्षं भिजत पडलंय, आणि उद्या तो झालाच तरी चिखली, देऊळगावराजाकडून जाईल. मेहकरला शिट्टीसुद्धा ऐकू यायची नाही. समृद्धी महामार्ग तेवढा आला. मामांची नोकरी मूर्तिजापूरची, शकुंतलेवरची. मेहकर त्यांची सासुरवाडी, म्हणून म्हातारपणी इथे.

शकुंतला म्हणजे अडीच फुटी रुळांची गाडी: मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीने वऱ्हाडचा कापूस वाहायला ती घातली, आणि देशातल्या इतर रेल्वे सरकारच्या झाल्या तरी हिची मालकी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं झेडडी जातीचं इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत ती ओढत होतं. मग डिझेल आलं, आणि पुढे गाडीच थांबली.

वादाचं निमित्त निलगिरीचं झालं. मेट्टुपालयम ते उदगमंडलम हा ४६ किलोमीटरचा डोंगरी मार्ग. कल्लार ते कुन्नूर चढ इतका की दोन रुळांमध्ये दातेरी पट्टी बसवलेली. तिथल्या इंजिनांना चांगला कोळसा मिळेना, आणि ठिणग्या तर थेट जंगलात. या शतकाच्या सुरुवातीला एक इंजिन तेलावर केलं. २०११ मध्ये तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने तेलावरचं नवंकोरं इंजिनच बांधून दिलं. आणि त्याच कारखान्याने २०२१ मध्ये पुन्हा कोळशावरचं बांधलं! मी हे विजयी मुद्रेने सांगितलं.

मामा म्हणाले, "म्हंजे दोन्ही चालतात. मंग भांडन कायचं?"

"भांडण याचं की कोळशाचं इंजिन तेलावर केलं की ते तेच राहतं का? जाळी काढायची, राखेची पेटी बुजवायची, आत विटांचं अस्तर द्यायचं, दारातून फावडं जायचं तिथे बर्नर. अर्धं इंजिन बेकार होतं, मामा."

"तुह्यं थे मँचेस्टरचं इंजिन. त्याच्या नया किती डाव बदलल्या? चाकावरचे टायर किती डाव चढवले? बॉयलरले ठिगयं किती? तवा कोनी नाई इचारलं, हे थेच हाय का म्हनून. अन् जाई काढली का तुमाले आठवते."

नळ्या बदलताना नळ्याच घातल्या होत्या, हे माझं उत्तर. ते बरोबर आहे असं मला अजून वाटतं, पण मामांना ते उत्तर वाटलं नाही. आणि इथे माझ्याच विरुद्ध जाणारी एक गोष्ट सांगायला हवी. तेल म्हणजे काही आजच्या पर्यटनवाल्यांची पळवाट नव्हे. रशियात टॉमस अर्कहार्ट नावाच्या इंजिनिअराने १८८० च्या दशकातच रेल्वे तेलावर नेली होती, आणि पाकिस्तानातली वाफेची इंजिनं बहुतेक तेलावरच म्हातारी झाली, कारण कोळशाच्या मोठ्या खाणी फाळणीत इकडे राहिल्या. तेलावरचं वाफेचं इंजिन हाही सव्वाशे-दीडशे वर्षांचा वारसाच आहे. फक्त तो मूर्तिजापूरचा नाही.

मग मी कौशल्यावर आलो. माझा खरा मुद्दा तोच आहे. कोळसा पेटवणं म्हणजे फावड्याने ढकलणं नव्हे. आग पातळ राखायची, मागच्या कोपऱ्यांत थोडी जाड. थोडा-थोडा टाकायचा पण सारखा टाकायचा. चढ यायच्या आधी आग तयार ठेवायची, चढावर आल्यावर नव्हे. दार जास्त वेळ उघडं राहिलं की गार हवा आत शिरते आणि वाफ पडते. आपला कोळसा राखेचा, तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच. जाळीवर खंगर धरला की हवा तुंबते, तो सळईने फोडायचा. हे सगळं गेज ग्लासातल्या पाण्यावर एक डोळा ठेवून, हलत्या पाटीवर उभं राहून. कोणत्याही पुस्तकात हे पुरतं येत नाही, ते अंगात असतं. तेल आलं की एक झडप फिरवायची. पन्नास वर्षांनी इंजिन असेल आणि ते चालवण्याची विद्या कुणालाच येत नसेल.

मामा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "तुले कोयसा पाह्यजे. कोयसा टाकनारा नाई पाह्यजे."

"असं कसं? मी टाकणाऱ्याचीच तर—"

"मे महिना. यवतमायच्या वाटंवर. भाईर पंचेचायीस डिग्री, समोर भट्टी. पाठ कशी होते, तुले मालूम नाई. खोकल्यात काया कफ पडे, रिटायर झाल्यावरबी पडे. अन् तू मले सांगतं का थे विद्या होती. होती. पोटासाठी होती. दुसरं काई भेटत नोतं म्हनून आली थे विद्या."

या आक्षेपावर आम्ही फार दिवस अडकून आहोत. मी वेगवेगळ्या बाजूंनी चढलो. इंग्लंड-वेल्सच्या जुन्या मार्गांवर शनिवार-रविवारी स्वयंसेवक हौसेने कोळसा टाकतात, पदरचे पैसे खर्चून शिकतात, हे सांगितलं. मामा म्हणाले, हौसेने टाकणारा सोमवारी घरी असतो. मी म्हटलं, मग आपणही हौसेचेच लोक घेऊ. ते म्हणाले, इकडे हौस साहेबाची असते आणि फावडं कंत्राटी पोराचं. कोण उभा राहील त्या दारापुढे, नाव सांग. मला नाव सांगता आलं नाही. मी म्हटलं, तेलावर फायरमन नुसता बसून राहील. "बसू दे ना," मामा म्हणाले. "बसलेला फायरमन पाहाले मी तिकीट काहाडीन."

याला मी आजवर पुरतं उत्तर दिलेलं नाही. एवढंच म्हणतो की कष्ट वाईट होते म्हणून त्या कष्टातून आलेली जाणही पुसून टाकावी, हे कष्टकऱ्याच्या बाजूचं बोलणं नव्हे. पुसली की ती कुणाची होती तेही पुसलं जातं. माथेरानच्या गाडीबरोबर ती उभारणाऱ्या आदमजी पीरभॉयचं नाव राहिलं, तिच्या पहिल्या फायरमनचं कुणाला माहीत आहे? मामांना हे पटत नाही. त्यांच्या मते मला ती जाण इतरांकडून जतन करून हवी आहे.

तेल यंत्राला तरी सुखाचं असतं का, यावर मात्र ते माझ्याकडे झुकले. कोळशाची आग रेग्युलेटर बंद केला तरी धुमसत राहते, भट्टी हळूहळू निवते. तेलाची ज्योत एका झटक्यात लागते आणि एका झटक्यात विझते. तापमान असं वर-खाली झालं की तांबं-लोखंड सारखं ताणलं-आखडलं जातं, नळ्यांची तोंडं गळायला लागतात. शिवाय नळ्यांत काजळी धरते. ती घालवायला चालत्या इंजिनाच्या दारातून मूठभर वाळू आत सोडतात, ती झोताबरोबर नळ्या खरवडत धुराड्यातून बाहेर पडते. हे ऐकून मामा मनापासून हसले. "वायू फेकता? अन् मंग काया धूर निंगत असन, नाई?"

"भरपूर. फोटोवाले त्याचीच वाट पाहतात."

"लेका, काया धूर म्हंजे फायरमन कच्चा. कोयसा न जयता वर चालला. ड्रायवर शिव्या दे. चांगल्या फायरमनचा धूर फिक्का असते, दिसते न दिसते. तुमी जे फोटोत पाह्यता नं, थे आमची फजिती हाय."

म्हणजे ज्या दृश्यासाठी मी भांडत होतो ते वाईट कामाचं दृश्य होतं. माझ्या बाजूला याने धक्का बसतो असं मला वाटत नाही, उलट बळच येतं: धुराकडे बघून फायरमन ओळखणारा माणूस उरला नाही, तर धूर हा नुसता धूर. पण फिक्का धूर बघायला तिकीट काढून कोण येणार, हेही खरं.

ठिणग्यांचा मुद्दा मी काढायला नको होता, पण आपल्याच हाताने कोलीत दिलं. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये डुरँगो-सिल्व्हरटन नावाची डोंगरातली वाफेची गाडी आहे. २०१८ च्या जूनमध्ये तिच्या मार्गालगत वणवा पेटला आणि ५४ हजार एकर जंगल जळालं. सरकारने रेल्वेवर दावा लावला, दोन कोटी डॉलरवर मिटवावं लागलं, आणि इंजिनं एकेक करून तेलावर गेली. वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेने हेच १९७० च्या दशकात केलं होतं, पुढे तेल महागल्यावर परत कोळशावर आली. खुद्द ब्रिटिश सरकारने १९४६ मध्ये कोळसा टंचाईपायी हजारावर इंजिनं तेलावर करायचा घाट घातला. शंभर पुरी व्हायच्या आत कळलं की तेल घ्यायला परकीय चलनच नाही. वारसा, तत्त्व वगैरे यांतल्या एकाही ठिकाणी कुणी विचारलं नाही. दर विचारला.

मामांनी यातलं एवढंच उचललं: "आपल्याकडं तं जंगल बी नाई. कडब्याच्या गंज्या होत्या. एक गंजी पेटली का त्या मानसाचे बैल उपाशी. त्याले सांगजो, वारसा हाय म्हनून."

हवेच्या प्रदूषणाचं मी थोडक्यात आटोपलं. तेवढ्याच उष्णतेसाठी तेल कोळशापेक्षा सुमारे एक पंचमांश कमी कार्बन सोडतं. फरक आहे, पण पुण्य लागावं इतका नाही. आणि एका छोट्या इंजिनाचा दिवसभराचा कोळसा अकोल्याजवळच्या पारस वीजकेंद्राला मिनिटभर पुरला तरी खूप. मामा म्हणाले, पारसच्या कोळशाने घरात दिवा लागतो, तुझ्या इंजिनाने काय लागतं?

एका संध्याकाळी ते एकदम बालाजीवर गेले. मेहकरच्या शारंगधर बालाजीची मूर्ती १८८८ साली खोदकामात सापडली, आणि साहेब ती लंडनला नेईल म्हणून हुकूम यायच्या आत गावाने प्रतिष्ठापना उरकली, असं इथे सांगतात. मामा म्हणाले, नेली असती तर काचेत राहिली असती, कोरडी, शाबूत. इथे पूजा होते, हात लागतात, पाणी पडतं, झिजणारच. कोल्हापूरच्या अंबाबाईला १९५५ साली वज्रलेप झाला, २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी रसायनं लावून संवर्धन केलं. तेव्हाही ओरड झालीच. पण लेप दिला म्हणून देवी बदलली का? चालतं इंजिन ठेवायचं तर लेप द्यावा लागेल, नाहीतर ठेवा काचेत.

हा त्यांचा सगळ्यात चांगला युक्तिवाद, आणि नेमका इथेच तो मला लंगडा वाटतो. लेप देतात तो पूजा पुढे चालावी म्हणून. नव्या नळ्या हा लेप झाला, नवा बॉयलर हाही लेपच. तेल हा लेप नाही. मूर्ती टिकावी म्हणून पूजाच बदलण्यातला तो प्रकार आहे. मामा यावर गप्प बसले. पटलं म्हणून की कंटाळून, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना एकतानगर-अहमदाबाद गाडीचं चित्र दाखवलं. ३१ ऑक्टोबर २०२३ ला पंतप्रधानांनी तिला झेंडा दाखवला. इंजिन दिसायला वाफेचं, आतून विजेवरचं. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"हे तं सोंग हाय."

"का? कुणाची पाठ मोडत नाही, गंजी पेटत नाही, खोकला नाही. तुमच्याच हिशेबाने हे सगळ्यात उत्तम."

"पानी उकयलं पाह्यजे," मामा म्हणाले. "कायनंबी उकयव. पन उकयलं पाह्यजे."

"का पण?"

"पाह्यजे म्हंजे पाह्यजे."

म्हणजे रेघ मामाही ओढतात. फक्त माझ्याहून एक पायरी खाली. त्यांची का तिथे, माझी का इथे, याचं कारण दोघांकडेही नाही. पण कारण नसलेली रेघ ओढण्याचा हक्क त्यांना भट्टीपुढच्या नोकरीने दिलाय, मला कशाने दिला, हा प्रश्न माझ्यापुरता शिल्लक राहतो.

माझा निकाल तरीही असा: शकुंतलेच्या रुळांवर किंवा माथेरानला वाफेचं इंजिन पुन्हा धावलंच, तर एक कोळशावर राहावं. आठवड्यातून एकच फेरी, गवत वाळायच्या आत हंगाम बंद, कोळसा वणीचा, फायरमन कायम नोकरीतला आणि त्याला ड्रायव्हरइतका पगार. बाकीची खुशाल तेलावर जावोत. मामांना यातलं कोळशाचं कलम मंजूर नाही. पगाराच्या कलमाला त्यांनी दुरुस्ती सुचवली आहे, ड्रायव्हरपेक्षा जास्त, आणि ती मी मान्य केली आहे.