कारण : घरगुती

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतला एक पोरगा रात्री घरी आला. मी नुकताच अकोल्याहून, डाळ मिलमधून आलो होतो. डोक्यात, भुवयांत तुरीची चुरी बसलेली. तो म्हणाला, "दादा, एक अर्ज लिहून दे. तुयं मराठी चांगलं हाय."

अर्ज कॉलेज बदलायचा होता. बी.ए.चं पहिलं वर्ष आमच्या भागातल्या एका कॉलेजात काढलं, आता दुसऱ्या वर्षाला अकोल्याला जायचं. त्यासाठी जुन्या कॉलेजातून टी.सी. काढायची, ना-हरकत घ्यायची, गुणपत्रिका जोडायची, नव्या कॉलेजात जागा उरली आहे का ते बघायचं, शिष्यवृत्तीचं प्रकरण जुन्या ठिकाणाहून मोकळं करून घ्यायचं. हे सगळं मला तोंडपाठ आहे. मी त्या वाटेनं गेलेलो आहे. गेलो, पण पोचलो नाही, एवढाच फरक.

कागद घेतला. प्रति, मा. प्राचार्य. विषय. महोदय, वरील विषयास अनुसरून. इथवर हात सरसर चालला. कारणापाशी पेन थांबला.

"कारण काय लिहू?"

"घरगुती अडचण लिह ना."

"घरी काय अडचण हाय?"

"काहीच नाही."

"मंग?"

तो गप्प झाला. मग हळूहळू बोलला. शिष्यवृत्तीवाले उभे राहा, असं वर्गात म्हणतात. उभं राहिलं की मागून 'सरकारी जावई' असा आवाज येतो आणि शिकवणाराही हसतो. एकदा यानं एक शंका विचारली, तर उत्तर आलं, तुम्हाला समजून घ्यायची काय गरज, तुमचं पस्तीस टक्क्यांत भागतं. त्या दिवसापासून याचं शंका विचारणं बंद. मग वर्गात जाणं बंद. आता कॉलेजच बंद करायचं म्हणतो. आणि कारण लिहितो : घरगुती.

मित्रहो, मला त्याच्यावर रागावता आलं नाही. सात वर्षांपूर्वी मी हेच दोन शब्द लिहिले होते. माझी एक कविता भित्तिपत्रकावरून दुपारच्या सुट्टीत काढून टाकली गेली. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यांनी आधी पास व्हावं, कविता नंतर कराव्यात, असं भर वर्गात ऐकवलं. मी टी.सी.चा अर्ज केला. 'घरगुती अडचणीमुळे' असं सुंदर अक्षरात लिहिलं. शिष्यवृत्ती जमा झाली नव्हती, म्हणून फी बाकी दाखवली. फी बाकी म्हणून टी.सी. अडली. टी.सी. हातात पडली तेव्हा अकोल्याचे प्रवेश संपले होते. ती टी.सी. अजून माझ्या पेटीत आहे. तिच्यावर वर्तणूक या रकान्यात 'चांगली' लिहिलेलं आहे. त्यांनी माझ्या वर्तणुकीचा दाखला दिला. त्यांच्या वर्तणुकीचा दाखला कोणी द्यायचा, असा रकाना त्या कागदावर नाही. तो देण्याची एकच जागा होती, अर्जातलं कारण. ती मी वाया घालवली.

अर्जाची नक्कल घरी होती. बहिणीनं ती मायला वाचून दाखवली. माय निरक्षर आहे, पण शब्दाचं वजन तिला कळतं. ती म्हणाली, "घरी कोनती अडचन होती रे? तुया बापानं सोयाबीन सोंगल्याचे पैसे तुया हाती देल्ले. म्या कानातलं मोडलं. आनखी कोनती अडचन होती, सांग बरं?"

मला सांगता आलं नाही. आज या लेखात सांगायचा प्रयत्न करतो.

प्रश्न साधा आहे. अर्जात खोटं कारण लिहिलं तर बिघडलं काय? सगळेच लिहितात. कारकूनसुद्धा सांगतो, काहीतरी घरगुती टाका, लवकर सुटेल. आपण विहारात पंचशील म्हणतो, त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. पण एवढ्याशा अर्जानं शील मोडतं का, असं कोणीही म्हणेल. मीही म्हणत होतो.

मग माझ्या लक्षात आलं, की खोटं लहान की मोठं हे शब्दांवरून ठरत नाही. त्याची किंमत कोण भरतो यावरून ठरतं. 'घरगुती अडचण' या दोन शब्दांनी कॉलेज सुटलं. हसणारा सुटला, भित्तिपत्रक फाडणारा सुटला. अडकलं कोण? माझं घर. ज्या बापानं पैसे दिले तो अडचण झाला. जिनं कानातलं मोडलं ती अडचण झाली. ज्यांनी मला शिकू दिलं त्यांच्यावर मी, ज्यांनी शिकू दिलं नाही त्यांचा गुन्हा स्वतःच्या हातानं टाकला.

आणि हे एका घरापुरतं राहत नाही. कॉलेजच्या कपाटात अशा अर्जांची फाईल असते. ती उघडून बघा. घरगुती, घरगुती, आर्थिक, घरगुती. उद्या कोणी गळतीची कारणं शोधायला आला तर त्याला हीच फाईल मिळणार. तो लिहिणार, की या समाजाच्या पोरांना घरातूनच अडचणी फार. त्याला खोटं पाडणार कसं? पुरावा आपल्याच अक्षरातला आहे. आपल्याविरुद्धची साक्ष आपणच देतो, तीही मराठी शुद्ध ठेवून.

याउलट कोणी विचारलं आणि कोणी सांगितलं, तर काय होतं तेही आपल्या वऱ्हाडाला माहीत असायला पाहिजे. अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे सुखदेव थोरात औरंगाबादला बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले. पुढं दिल्लीच्या एम्समध्ये आपल्या विद्यार्थ्यांना कसं वागवलं जातं हे तपासायला समिती नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष होते. २००७ साली अहवाल आला. त्या पोरांनी समितीसमोरही 'घरगुती' म्हटलं असतं, तर अहवालात काय लिहिलं गेलं असतं? देशातल्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांनी तोंड उघडलं, म्हणून ते कागदावर आलं.

आता बाबासाहेबांकडं जाऊ. २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्यांची प्रकृती खालावलेली होती. 'प्रकृतीच्या कारणास्तव' एवढं लिहून त्यांना मोकळं होता आलं असतं. कोणी शंकाही घेतली नसती. त्यांनी तसं केलं नाही. १० ऑक्टोबरला ते संसदेत निवेदन करायला उभे राहिले. ठरल्या वेळी बोलू दिलं गेलं नाही, तेव्हा ते सभागृहाबाहेर पडले आणि तेच निवेदन वर्तमानपत्रांना दिलं. हिंदू कोड बिल, अनुसूचित जातींची उपेक्षा, मागासवर्गीयांसाठी आयोग न नेमणं, परराष्ट्र धोरण, एकेक कारण मांडलं. आणि कारण का सांगायचं, हेही त्यात सांगितलं. त्याचा मतलब असा, की मंत्री काही न बोलता निघून गेला तर लोकांना वाटतं, याच्याच वागण्यात काही काळंबेरं असेल. अशा संशयाला जागा ठेवू नये.

मी हे वाचलं तेव्हा मायचा प्रश्न आठवला. दोघांचं म्हणणं एकच आहे. जो न बोलता सोडतो, दोष त्याच्या घरी राहायला येतो.

धर्म सोडतानाही त्यांनी हेच केलं. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात घोषणा केली. ३१ मे १९३६ ला मुंबईच्या महार परिषदेत धर्मांतर का, हे लोकांसमोर तपशिलानं मांडलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली. मधे एकवीस वर्षं. एकवीस वर्षं कारण सांगत राहिले आणि मग सोडलं. आपण त्या माणसाची लेकरं म्हणवतो आणि एका कारकुनासमोर कारण गिळतो.

इथं आपल्यातले काही कार्यकर्ते वेगळंच बोलतात. ते म्हणतात, कॉलेज सोडायचंच कशाला? हा पळपुटेपणा झाला. तिथंच राहून लढा. सभेत या वाक्याला टाळ्या पडतात. मला हे म्हणणं मान्य नाही. बाबासाहेबांनीही जागा सोडल्या आहेत. १९१७ मध्ये त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. ते १९२० ला परत गेले आणि पुरं करून आले. त्याच १९१७ मध्ये बडोद्याला पारशी विश्रामगृहात काठ्या घेऊन माणसं दारात आली. कोलंबियात शिकून आलेला माणूस गाव सोडून मुंबईला निघाला. त्याला पळपुटा म्हणायची कोणाची हिंमत आहे? पण ती गोष्ट त्यांनी पुढं स्वतःच्या हातानं लिहून ठेवली. म्हणून आज आपल्याला ती माहीत आहे, आणि त्या दिवशी माणुसकी कोणाकडं कमी पडली हेही माहीत आहे.

राहून लढण्याची किंमत काय असते तेही आपण पाहिलं आहे. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत पायल तडवी गेली. एकोणीस वर्षांच्या पोराला तू तिथंच राहा असं सांगण्याचा हक्क मला नाही, तुम्हालाही नाही. मेल्यावर पुतळा उभारण्यापेक्षा जिवंतपणी टी.सी. काढून देणं मोठं काम आहे. रोहितची आई आणि पायलची आई, दोघी मिळून २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आमच्या घरात काय होतं ते विचारू नका, कॉलेजांत काय चालतं ते बघा, असाच त्या जाण्याचा अर्थ मी लावतो. माझी माय न्यायालयात गेली नाही. पण तिनं मला विचारलेला प्रश्न त्याच जातीचा होता. जात हा शब्द मी इथं मुद्दाम वापरला.

म्हणून माझं म्हणणं असं : सोडणं पाप नाही. मुक्यानं सोडणं पाप आहे. कारण आपल्या मागून त्याच वर्गात, त्याच बाकावर वस्तीतलं दुसरं पोरगं बसणार असतं, आणि आपण त्याला काहीच सांगून जात नाही.

आता सगळ्यात कठीण आक्षेप. बाबासाहेब मंत्री होते, बॅरिस्टर होते. या पोराची टी.सी. त्याच माणसाच्या टेबलावर आहे, ज्याच्याविरुद्ध लिहायचं. खरं लिहिलं आणि टी.सी. अडली, वर्ष गेलं, तर? माझं गेलं. मी तर खोटं लिहिलं होतं, तरी गेलं. पण म्हणून ज्याचं वर्ष जायचं आहे त्याच्यावर शौर्याची सक्ती करायची का?

इथं मी बरेच दिवस अडकलो. मिलमध्ये पोतं उचलताना एक गोष्ट सुचली, साधीच आहे. शंभर किलोचं पोतं एकट्याच्या पाठीवर दिलं तर तो वाकतो. दोघांनी धरलं तर उचललं जातं. खरं बोलण्याचंही तसंच आहे. खरं बोलणं कर्तव्य आहे, पण ते एकट्या पोराचं नाही. ज्याची टी.सी. अडकलेली आहे त्याच्यावर ते सगळ्यात कमी आहे. ज्याची कुठंच अडकलेली नाही त्याच्यावर सगळ्यात जास्त. म्हणजे माझ्यावर. म्हणजे वाचणाऱ्या तुमच्यावर.

म्हणून नुसता उपदेश करून थांबत नाही. आम्ही वस्तीत तीन गोष्टी ठरवल्या. एक, कोणीही टी.सी.चा अर्ज द्यायला एकटं जायचं नाही, दोघं-तिघं सोबत. दोन, अर्जाच्या नकलेवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय परतायचं नाही. तीन, विहारात एक वही ठेवायची. कोणी कॉलेज सोडलं, कधी सोडलं, खरं कारण काय, ते त्याच्याच शब्दांत. ज्याला नाव द्यायचं नसेल त्यानं देऊ नये, तारीख मात्र द्यावी. २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं नियम काढले होते, की संस्थेत समान संधी कक्ष असावा आणि भेदभावाची तक्रार ऐकायला अधिकारी असावा. तुमच्या कॉलेजात तो अधिकारी कोण, हे विचारणारा पहिला अर्ज वहीत चिकटवा. बहुतेक पोरांना असं कोणी असतं हेच माहीत नसतं. मलाही नव्हतं.

वहीतली पहिली नोंद माझी आहे. सात वर्षं उशिरा. मायला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "मंग त्या वक्ती काहून नाही लिहिलं?" मी भेलो होतो, असं सांगितलं. तेही लिही म्हणाली. लिहिलं.

आणि त्या पोराचा अर्ज? मी त्याला दोन्ही कागद करून दिले. एकावर घरगुती, दुसऱ्यावर खरं. कोणता द्यायचा ते तू ठरव, तू कोणताही दिलास तरी मी सोबत येतो, असं म्हणालो. रात्रभर कागद त्याच्याकडं होते. सकाळी आम्ही तिघं गेलो. मी एका दिवसाची मजुरी बुडवली. त्यानं खिशातून जो कागद काढला त्यावर लिहिलं होतं : 'वर्गात मला मिळालेल्या अपमानास्पद वागणुकीमुळे.' खाली त्यानं स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली होती : 'माझ्या घरी कोणतीही अडचण नाही.'

कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. असं कोणी लिहितं का, म्हणाला. मग नकलेवर शिक्का मारला.

टी.सी. अजून मिळालेली नाही. अकोल्याला जागा किती दिवस राहील हे सांगता येत नाही. सोमवारी पुन्हा जायचं आहे. या वेळी पाच जण जाणार. तुमच्या गावात असा अर्ज कोणी लिहीत बसला असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा.

जय भीम.