प्रांताभिमानाची कसोटी

प्रांताभिमान हा सद्गुण कीं दुर्गुण, याचा निर्णय आम्ही फुटबॉलच्या मैदानावर करूं पाहतों. संतोषचे महाराज सर मन्मथनाथ रायचौधरी यांच्या स्मरणार्थ १९४१ सालीं आंतरप्रांतीय सामने सुरू झाले. पहिला करंडक बंगालनें जिंकला. मुंबईस तो १९५४-५५ च्या हंगामांत लाभला.

१९४१ च्या त्या दिवसांत मुंबईंत क्रिकेटचे पंचरंगी सामने मात्र हिंदु, मुसलमान, पारशी, युरोपियन व इतर अशा धर्मवार संघांत होत. गांधीजींनीं १९४० सालीं त्यांस विरोध केला आणि १९४६ नंतर ते झाले नाहींत. जयघोष दोहोंकडे सारखाच. मग प्रांताच्या नांवाचा घोष तेवढा निर्दोष कसा, असा आक्षेप कोणी घेईल.

आमच्या मतें भेद घोषांत नाहीं, दारांत आहे. शहापूर तालुक्यांतील सापगांवचा मुलगा कलकत्त्यास राहून तेथील क्लबांत खेळूं लागला, तर बंगालचा खेळाडू होऊं शकतो. धर्मवार संघाचें दार जन्माबरोबरच उघडे किंवा मिटे. शिवाय प्रांताच्या सीमा माणसेंच आंखतात नि पुसतात. १९६० सालीं मुंबई राज्याचीं दोन राज्यें झालीं. आणि ज्या संतोषचें नांव या करंडकास आहे, तें गांवच १९४७ च्या फाळणीनें परदेशांत गेलें. आज तें बांगलादेशांत आहे.

बाहेरून आलेल्यास आपला म्हणून खेळवितो, तोच प्रांताभिमान आम्ही सद्गुण मानतों. ज्यानें दार लावून घेतलें, तो नांवानें प्रांतिक असला तरी त्या जुन्या धर्मवार संघांचाच सख्खा भाऊ होय.