कबरीतला दगड

2011 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गावातले एक हाजीसाहेब वारले. आमचे गाव नाशिक जिल्ह्यात, सिन्नरच्या बाजूला. कबरस्तान ओढ्याकाठच्या उतारावर आहे. कबर खोदताना छातीएवढ्या खोलीवर कुदळ एका पोकळीत शिरली आणि आतून मुठीएवढा, पांढरट गुलाबी, मोत्यासारखा चमकणारा दगड निघाला. कबर खोदणाऱ्या चाचांनी तो घमेल्यात ठेवून माझ्यापुढे धरला. "मास्तर, ये क्या निकल्या देखो."

मी शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून मला विचारले. भोवती वीस-पंचवीस माणसे उभी होती. कोणी म्हणाले, नूर आहे. कोणी म्हणाले, नेक माणसाची जागा अशीच असते. हाजीसाहेबांचा मुलगा भरल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "अल्लाह जाने."

माझे हे दोन शब्द खरे होते. अल्लाह जाणतोच. पण तो दगड काय असावा, हे थोडेफार मीही जाणत होतो, आणि ते सांगायचे टाळण्यासाठी मी अल्लाहचे नाव पुढे केले.

संध्याकाळी मुलाने त्यातला एक टवका मला दिला. घरी आल्यावर मी तो तपासला. आपल्याकडे चमकणारा कुठलाही दगड म्हणजे गारगोटी. सिन्नरला खनिजांचे एक संग्रहालय आहे, त्याचेही नाव गारगोटीच. पण खऱ्या गारगोटीवर चाकूचा ओरखडा उठत नाही. इथे सहज उठला. सोनाराकडून आणलेल्या पातळ तेजाबाचा थेंब टाकला, तर फेस आला नाही. म्हणजे कॅल्साइटही नाही. मग एक कण निखाऱ्यावर धरला. तो फुलला, पापुद्रे सुटले आणि पांढराफटक पडला. दगडाच्या पोटातले पाणी निघून गेले होते. 1756 साली क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने असेच तापवून पाहिले आणि अशा दगडांना झिओलाइट म्हटले. ग्रीक भाषेत, उकळणारा दगड. पेंढीसारखी रचना आणि मोत्याची झाक पाहता आमचा दगड त्यांच्यातला स्टिल्बाइट होता.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. त्याच्या थरांच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून ऊन पाणी झिरपले आणि त्यातली द्रव्ये सावकाश स्फटिक होऊन बसली. थराच्या पोटात मात्र घट्ट काळा कातळ. बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हा असे स्फटिक निघाले होते. विहिरी खोदताना आजही निघतात.

हे सारे मी वहीत लिहिले आणि गप्प राहिलो. हाजीसाहेबांच्या घरी तो दगड कोनाड्यात हिरव्या कापडावर बसला. बायका बघायला येऊ लागल्या. मला वाटले, दुःखातल्या माणसांना आधार मिळतोय, आपले काय जाते?

आठच दिवसांनी गावातला एक हमाल वारला. त्याची कबर दहा-बारा पावलांवर. दोन हात खोदले आणि काळा पाषाण लागला. पहार, छिन्नी, घण. जोहरपासून असरपर्यंत चार माणसे घामाघूम झाली. जनाजा झाडाखाली थांबून होता. तेव्हा मागे कोणीतरी पुटपुटले की जमीन कबूल करत नाही. हमाल कधीमधी पीत असे, हे गावाला ठाऊक होते.

त्याची मुलगी माझ्या नववीच्या वर्गात होती. शाळेत आली तेव्हा मधल्या सुट्टीत तिने विचारले, "सर, अब्बांसाठीच जमीन कडक का झाली?"

आठ दिवसांपूर्वी मी जे टाळले होते ते आता माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पांढऱ्या दगडाला जो कौल मानतो, त्याला काळ्या दगडालाही कौल मानावे लागते. माझ्या सौजन्याची किंमत या पोरीने भरली होती.

कोणी म्हणेल, सारी सृष्टीच अल्लाहची निशाणी, मग दगड निशाणी का नाही? आहेच. पण निशाणी सगळ्यांसाठी असते. ती कुणा एकाचा चारित्र्याचा दाखला नसते. प्रेषितांचे लहानगे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले, बाळाच्या मृत्यूमुळेच हे झाले. दुःखात बुडालेल्या बापाला याहून मोठा दिलासा कोणता? पण प्रेषितांनी तो घेतला नाही. सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरणाने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी तिथेच स्पष्ट केले. हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. घमेले पुढे आले तेव्हा तो मला आठवला नाही. की आठवूनही मी गप्प बसलो?

अकराव्या शतकातल्या अल-बिरूनीने रत्नांवर ग्रंथ लिहिला. पाचू दिसला की सापाचे डोळे फुटतात, अशी तेव्हा समजूत होती. त्याने सापापुढे नाना परींनी पाचू धरून पाहिले. सापाला काहीच झाले नाही, आणि तसे त्याने लिहून ठेवले. त्याच्या पाचूमागे कुणाचा शोक नव्हता, हे मात्र खरे. माझ्या दगडामागे होता. म्हणून शोक संपेपर्यंत थांबावे, असे मी स्वतःला समजावत राहिलो. पण तोवर आपल्या गप्प राहण्याचा अर्थ दुसरेच लोक लावत असतात, इकडे माझे लक्षच गेले नाही.

मुलीला मी कबरस्तानाच्या उतारावर नेले. सोबत तिचा मामा होता. एकाच थरात वर भोकाभोकांचा खडक आणि खाली काळा कातळ कसा असतो, ते ओढ्याच्या काठावर उघडे पडलेले दिसते. तिने दोन्हींना हात लावून पाहिला. अब्बांची कबर खालच्या अंगाला आहे, एवढेच ती म्हणाली.

मग मी हाजीसाहेबांच्या घरी गेलो. मुलाला सगळे सांगितले, ओरखडा, तेजाब, निखारा आणि हमालाच्या मुलीचा प्रश्नसुद्धा. तो बराच वेळ कोनाड्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "मास्तर, तुम्हाला माहीत होतं ना? मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत? आता अम्मीला मी काय सांगू?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आत त्याची आई तस्बीह ओढत बसली होती. मी चप्पल काढून तिच्याजवळ जाऊन बसलो.