राखलेलं रान

धुळ्याहून साक्री, पिंपळनेर ओलांडलं की खानदेशाचं रूप पालटतं. कापसाची, बाजरीची मोकळी शिवारं मागे पडतात. भाताची खाचरं आणि उतारावरची नागली दिसू लागते. इथून पुढे पायी चालावं. पाड्यामागून पाडा लागतो, चढ सुरू होतो, आणि वाट सावलीत शिरते. ही बारीपाड्याची सावली.

ही सावली गावानं कमावलेली आहे. १९९०च्या आसपास हे डोंगर बोडके होते. सरपणासाठी तोड चालूच होती, आणि पाण्यासाठी बायांची वणवण. गावातला एम.कॉम. झालेला तरुण चैत्राम पवार नोकरीमागे न जाता गावातच राहिला. वनवासी कल्याण आश्रमाची साथ मिळाली. गावानं एकत्र बसून ठरवलं: कुऱ्हाड चालवायची नाही, बैलगाडी रानात न्यायची नाही, नियम मोडेल त्यानं दंड भरायचा. आज तिथं सुमारे अकराशे एकर जंगल उभं आहे. २०२५मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली. त्या सन्मानाचा आनंद आहेच. पण माझं मन त्या पहिल्या बैठकीपाशी घुटमळतं. घरी चूल रोज पेटवायची आहे, लाकूड समोर उभं आहे, आणि तरी हात आवरायचा. शहरात बसून झाडं वाचवा म्हणणाऱ्या आपल्याला या संयमाची किंमत कळायला हवी.

चिडाच्या, देवदाराच्या वनांतून चालायला आपण हौसेनं हिमालयात जातो. जावंही. पण चिडाच्या सुयांचा थर साचला की खाली फारसं काही उगवत नाही. आपल्या साग, ऐन, खैर, मोहाच्या रानात पहिला पाऊस झाला की पायाखालची माती हिरवी होते आणि त्यातलं कितीतरी थेट चुलीवर जातं. टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब. बारीपाड्यात २००४पासून वनभाजी स्पर्धा भरते. बाया स्वतः खुडून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात. कुठली कधी खुडायची, कुठली उकळून पाणी टाकायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. पुस्तकात न मावणारी ही विद्या रान राहिलं म्हणून राहिली. रान गेलं असतं तर एका पिढीत ती विसरली गेली असती.

आणि याच डोंगराळ मुलुखात पांझरा उगम पावते. लाटीपाडा, अक्कलपाडा ही धरणं भरत ती धुळे शहरातून वाहत तापीला मिळते. शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्याचं नातं या डोंगरांवरच्या झाडोऱ्याशी आहे.

म्हणून धुळे-जळगावच्या मंडळींनो, यंदाच्या पावसाळ्यात या वाटेनं जरूर चाला. मात्र आधी गावाला विचारा, पाड्यावर जेवलात तर त्याचे पैसे द्या, आणि रानातली एक डहाळीसुद्धा तोडू नका.